नऊ नंबरचा लूम खरंच बरा होता का, मामा?

मामा, तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. बमरोलीच्या तुमच्या खोलीत माणसं येतात, मामीजवळ बसतात, "मास्तर म्हणजे फार गुणाचा माणूस" म्हणतात आणि पाणी पिऊन उठतात. मी कोपऱ्यात बसून मान हलवते. डोक्यात मात्र एकच किडा वळवळत असतो: नऊ नंबरचा लूम त्या दिवशी खरंच बरा होता, की तुम्ही मला बनवलंत?

सांगा ना. आता सांगायला काय हरकत आहे? पण तुम्ही कसले सांगताय! जिवंतपणी तरी माझ्या एका प्रश्नाचं धड उत्तर दिलंत का कधी? "मामा, लूम बिघडणार आहे हे तुम्हाला आधीच कसं कळतं?" असं मी विचारायची. तुम्ही तंबाखू मळत म्हणायचात, "समजस." कसं समजतं, ते काही सांगायचं नाही. "अहो पण कशावरून?" तर म्हणे, "डोकं नको खाऊ, मंगू. चहा पी."

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, पण हा कागद उद्या आणखी कुणी वाचला तर त्याला काही उमजायचं नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते. तुम्ही माझ्या आईचे धाकटे भाऊ. खानदेशातून सुरतेला आलात आणि पांडेसऱ्याकडच्या एका लूमच्या खात्यात लागलात. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातंच म्हणतात. आधी कारीगर होतात, मग जॉबर झालात. लूम बंद पडला की तो चालू करणारा तो जॉबर, आणि सगळं खातं त्याला मास्तर म्हणतं. माझे वडील इथल्याच मराठी शाळेत शिक्षक. त्यामुळं आमच्या घरी पुस्तकातलं मराठी आणि तुमच्या घरी अहिराणी. "मामांना तुम्ही म्हणायचं" हा वडिलांचा हुकूम होता, म्हणून मी आयुष्यभर तुम्हाला तुम्ही म्हणत आले. भांडतानासुद्धा तुम्ही! मला त्याचा फार राग यायचा, कारण तुम्ही-तुम्ही करत भांडण काही रंगत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि इथल्याच एका कॉलेजात शिकवायला लागले. तिथं तो ऑसिलोस्कोप आला. परदेशी, डिजिटल. विजेचा सिग्नल पडद्यावर रेघ काढून दाखवणारं यंत्र, असं मी तुम्हाला समजावलं होतं. तुम्ही म्हणालात, "डॉक्टरनं मशीन शे ना, छातीले लावतस तसं." मी म्हटलं, हो, तसंच समजा. आमच्या विभागाच्या साहेबांनी ते पोलादी कपाटात ठेवलं, वर कापड घातलं आणि किल्ली खिशात टाकली. विद्यार्थ्यांना दुरून दर्शन.

त्याच्या जाडजूड पुस्तकात शेवटी शेवटी एक प्रकरण होतं. मला वाटतं, आख्ख्या कॉलेजात ते मी एकटीनंच वाचलं असेल. त्यात लिहिलं होतं की, या यंत्रात आमच्या कारखान्यानं मोजमापाचे जे पर्याय दिले आहेत, त्यात तुम्हाला हवा तो नसेल तर तुम्ही स्वतः घाला. संगणकावर प्रोग्राम लिहा, फ्लॉपीवर घ्या, ती फ्लॉपी यंत्रात सरकवा. मग पडद्याच्या कडेला, कारखान्याच्या पर्यायांच्या ओळीत, तुमचाही पर्याय दिसू लागेल.

मी ते तीनदा वाचलं. मला खरंच वाटेना. एवढं महागडं यंत्र बनवणारी माणसं गिऱ्हाइकाला सांगतात, आम्हाला सगळं माहीत नाही, तुम्ही भर घाला? असं कोण सांगतं! आमचे साहेब तर म्हणाले, "ते पान आपल्यासाठी नाही, मॅडम. कंपनीनं दिलंय तेवढं वापरा. मोजायच्या यंत्रात आपण हात घातला तर मोजमापावर भरवसा कुणी ठेवायचा?" त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र मी तावातावानं तुमच्या घरी आले आणि तुम्हाला सगळं ऐकवलं. तुम्ही भाकरी खात होतात. मान वर करून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतात. मला वाटलं, काय मन लावून ऐकतायत!

तुम्ही जे बोललात ते मात्र माझ्या सगळ्या शिक्षणावर बोळा फिरवणारं होतं. तुम्ही म्हणालात की लूम बनवणाऱ्यानं जन्मात कधी लूम चालवलेला नसतो. त्यानं दिलेला चामड्याचा पट्टा इथल्या दमट हवेत सैल पडतो, म्हणून आम्ही त्याच्यावर दुसरा तुकडा शिवतो. सूत नेणारा धोटा ज्या पेटीत येऊन थांबतो तिथं त्यानं जे अडण दिलंय ते फार कडक, म्हणून आम्ही सायकलच्या टायरचा तुकडा घालतो. दोन खात्यांतले लूम एकाच कारखान्यातून आले असले तरी सहा महिन्यांनी त्यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही, ज्यानं त्यानं आपापला करून घेतलेला असतो. "जो वापरस तोच पुरं करस," असं म्हणालात आणि ताक मागितलंत.

मी तिथंच ठरवलं. यंत्रात पर्याय घालायचा तर तुमचा घालायचा. जगातल्या कुठल्याही कारखान्याला जे सुचणार नाही, ते माझ्या मामाला समजतं. लूम बिघडायच्या दोन दिवस आधी समजतं. ते काय आहे, हे मला पडद्यावर बघायचं होतं. खरं सांगू? तुमच्यावरच्या प्रेमापेक्षा त्यात कुतूहल जास्त होतं. मला राहवतच नव्हतं.

"तुम्ही कशावरून ओळखता?" मी वही-पेन घेऊन विचारलं.

"कान लाईसन," तुम्ही म्हणालात. कान लावून.

मी लिहून घेतलं: कान लावून. तिथंच घोडं पेंड खात होतं.

मग तुम्ही मला लूमचा ठोका समजावलात. दांडा धोट्याला मारतो, तो पहिला आवाज. धोटा सूत घेऊन उडतो आणि समोरच्या पेटीत थडकतो, तो दुसरा. लूम निरोगी असेल तर या दोन ठोक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी सारखं असतं. पट्टा सैल पडायला लागला की धोटा कधीमधी किंचित उशिरा पोचतो. दोनशे वेळा वेळेवर, एकदा उशिरा. त्या एका उशिरावरून तुम्ही ओळखायचात. कारखान्यानं दिलेल्या पर्यायांत असलं काही नव्हतं. तिथं सरासरी होती, आणि सरासरीत तो एकटा उशीर बुडून जातो. मला असा पर्याय लिहायचा होता जो दोन ठोके शोधेल, त्यांच्यातलं अंतर पुन्हा पुन्हा मोजेल आणि जो ठोका चुकला त्यावर बोट ठेवेल.

पुढचे कित्येक आठवडे मी टेपरेकॉर्डर घेऊन खात्यात यायची. माइक लूमजवळ धरायची, एकेका लूमचा आवाज कॅसेटवर घ्यायची. तुम्ही प्रत्येक लूमपाशी जायचात, थांबायचात, एक हात लूमच्या सांगाड्यावर टेकवून डोळे मिटायचात आणि मग बोटांनी खूण करायचात: बरा किंवा आजारी. मी वहीत टिपून घ्यायची. कॉलेजात साहेबांच्या विनवण्या करून कपाट उघडायला लावायची, कॅसेटचा आवाज यंत्राला द्यायची, माझी फ्लॉपी सरकवायची.

काही म्हणजे काही जमेना! तुम्ही ज्याला आजारी म्हणायचात त्याला यंत्र बरा म्हणायचं. यंत्र ज्याच्या नावानं बोंब मारायचं तो पुढं दोन-दोन आठवडे सुरळीत चालायचा. आजूबाजूच्या लूमचा गोंगाट इतका की माझा प्रोग्राम शेजारच्याचा ठोका याच्या खात्यावर टाकायचा. मी प्रोग्राम बदलला, माइक बदलला, माइकभोवती उशीचा कापूस गुंडाळला. शेवटी मला तुमचाच संशय यायला लागला. मी तुम्हाला म्हटलं, "मामा, तुम्ही अंदाजपंचे सांगता." तुम्ही चिडलात, चांगलेच चिडलात. "सात नंबर दोन दिवसमा बसई," म्हणालात. सात नंबर दुसऱ्याच दिवशी बसला. तोंडात मारल्यासारखं झालं मला.

आता ती दुपार. तुम्हाला आठवते का, कोण जाणे. तुमच्यासाठी ती एक साधी सुटीची दुपार असेल. मी टेपरेकॉर्डर घेऊन तुमच्या खोलीवर आले होते. म्हटलं, खात्यातली गडबड नको, मामांना इथं शांतपणे कॅसेट ऐकवू आणि विचारू, नक्की कुठला आवाज तुम्ही पकडता. मामी दारात तांदूळ निवडत होती. तुम्ही मांडी घालून बसलात, कान टेपरेकॉर्डरजवळ नेलात, डोळे मिटलेत. मी बटण दाबलं. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की आवाजच येत नाहीये. थांबवायचं बटण आधीपासून दाबलेलं होतं. कॅसेट फिरतच नव्हती.

तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मान हळूहळू डोलवत होतात. मग डोळे उघडलेत आणि म्हणालात, "हाऊ बरा शे."

मामा, मी पुन्हा त्या बटणाकडे पाहिलं. मी मामीकडे पाहिलं. तिचा हात सुपात थांबला होता. तिनं मान अगदी एवढीशी हलवली. नको, अशी. तिला माहीत होतं. किती वर्षांपासून माहीत होतं, देव जाणे. मी वहीत लिहिलं, "बरा," आणि म्हटलं, "वा मामा, बरोबर."

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. तुम्ही नेहमी तोंडाकडे बघत बोलायचात. पाठीमागून हाक मारली की "विचारात होतो" म्हणायचात. काही आणायचं असलं की मामीला सांगायचात, चिठ्ठी लिहून दे, मी विसरतो. विसरभोळे कसले तुम्ही! सव्वाशे लूमचे आजार पाठ असणारा माणूस. लूमच्या त्या गडगडाटात वीस-बावीस वर्षं काढून तुमचे कान गेले होते, आणि गंमत म्हणजे जगात एकच जागा अशी होती जिथं ते कुणाला कळणार नव्हतं. खात्यात लूम चालू असताना कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळेच खुणांनी आणि ओठांनी बोलतात. तिथं तुम्ही चारचौघांसारखे होतात. धोका लूम बंद पडल्यावर होता.

आणि खात्याच्या मालकाला, शेठला कळलं असतं तर? बहिरा जॉबर कोण ठेवतो? त्याला कोण समजावणार की या माणसाला कान लागतच नाहीत? तुम्ही नुसती नोकरी सांभाळत नव्हता. मास्तर ही पदवी सांभाळत होता. तेवढं एकच तुम्ही या शहरात कमावलं होतं.

मग ऐकत कशानं होता? मला त्या रात्री झोप आली नाही, आणि खरं सांगते, दुःखानं नव्हे. कुतूहलानं! मी तुमचा सांगाड्यावर टेकवलेला तळहात आठवत होते. कधी कधी तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक लूमला लावून मूठ दातांत धरायचात. मी त्याला मास्तरांची लकब समजत होते. ठोका तुमच्या हाडांतून येत होता, मामा! शेजारच्या लूमचा गोंगाट हवेतून येतो. तुमच्या तळहाताखालच्या लोखंडातून मात्र त्याच लूमचा ठोका येतो. तुम्ही गोंगाट गाळूनच घेत होता. आणि मी शिकली-सवरलेली बाई, माइकला कापूस गुंडाळत बसले होते.

मी माइक फेकून दिला. घंटीत असते तशी पितळेची पातळ चकती घेतली. ती लोखंडाला चिकटवली की लोखंडाचा थरकाप विजेत उतरवते. साहेबांना हातापाया पडून, "यंत्राला काही झालं तर जबाबदारी माझी" असं लिहून देऊन यंत्र बाहेर काढलं. गोधडीत गुंडाळून रिक्षानं खात्यात आणलं. सगळ्या वाटेभर मी रिक्षावाल्याला "भाई, धीमे धीमे" म्हणत होते. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बेन, आमां बाळक छे?" यात बाळ आहे का, म्हणून.

तुम्ही चकती पाहिलीत. मी ती सात नंबरच्या सांगाड्यावर बरोब्बर तिथं चिकटवली, जिथं तुमचा तळहात टेकायचा. तिथला रंग घासून लोखंड चकचकीत झालेलं होतं. तुम्ही त्या जागेकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "आठेच का?" विचारलंत.

"इथं चांगलं येतं," मी म्हटलं. लूम सुरू होते, म्हणून ओठ ठसठशीत हलवून म्हटलं. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, आता तुम्हाला कळलं की मला कळलंय. पण तुम्ही पुढच्या लूमकडे वळलात.

पडद्यावर दोन ठोके उभे राहिले. स्वच्छ! मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही. तिथं कुणाला ऐकू जाणार होतं! कडेला माझा पर्याय होता. त्यावर मी इंग्रजीत "मास्तर" लिहिलं होतं. तुम्ही ती अक्षरं लावून लावून वाचलीत आणि लाजलात. खरंच लाजलात, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

आणि तेवढ्यात लाइट गेली.

सव्वाशे लूम एका क्षणात थांबले. ती शांतता अजून माझ्या अंगावर येते. तुम्ही सात नंबरपाशी पाठमोरे उभे होतात, पडदा काळा का झाला म्हणून यंत्राकडे वाकून बघत होतात. शेठ दारातून आत आला आणि साध्या आवाजात म्हणाला, "मास्तर, कयो सांचो बगड्यो छे?" कुठला लूम बिघडलाय?

तुम्ही हलला नाहीत. शेठनं पुन्हा विचारलं. कारीगर वळून बघायला लागले. शेठच्या कपाळावर आठी आली. मामा, मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते, परीक्षेत नाही, साहेबांपुढं नाही. मी पुढं झाले आणि गुजरातीत ठणकावून म्हटलं, "शेठ, मीच सांगितलंय त्यांना. मोजणी चालू असताना कुणाशी बोलायचं नाही म्हणून. बोललं की रीडिंग बिघडतं."

लाइट नव्हती. यंत्राचा पडदा काळाठिक्कर होता. मोजणी कसली चालू होती, माझं कपाळ! पण शेठ यंत्राकडे बघून दोन पावलं मागं सरकला आणि कुजबुजला, "सॉरी, सॉरी." मी तुमच्या खांद्याला हात लावला. तुम्ही वळलात, शेठला पाहिलंत आणि हसून रामराम केलात. सगळं निभावलं. तुम्हाला अजून माहीत नसेल की त्या अर्ध्या मिनिटात काय काय झालं.

लाइट आली तेव्हा माझा पर्याय पुसला गेलेला होता. यंत्र बंद झालं की कारखान्याचं तेवढं राहतं आणि आपण घातलेलं जातं, ते पुन्हा फ्लॉपीतून भरावं लागतं. तुम्हाला याचं फार नवल वाटलं. "म्हणजे रोज शिकाडनं पडस?" म्हणालात. रोज शिकवावं लागतं? मी म्हटलं, हो. तुम्ही म्हणालात, मग तुझ्या विद्यार्थ्यांसारखंच की.

मग आपण दहा लूम तपासले. आधी तुम्ही हात टेकवून बोटं दाखवायचात, मग मी पडदा बघायची. तुम्ही म्हणालात तीन आणि सात आजारी. यंत्र म्हणालं तीन आणि सात. इतके आठवडे वाट पाहिलेलं उत्तर! मी तुमच्या पाया पडले, तिथंच, तेलकट फरशीवर. पण यंत्र तेवढ्यावर थांबेना. ते म्हणालं, नऊसुद्धा.

तुम्ही पुन्हा नऊ नंबरवर हात ठेवलात. बराच वेळ ठेवलात. स्क्रूड्रायव्हर दातांत धरलात. मग मान हलवलीत. "नऊ बरा शे. तुन्हं मशीन येडं शे."

मी म्हटलं, येडं नाही, त्यानं हजार ठोके मोजलेत, तुम्ही फार तर तीनशे. तुम्ही म्हणालात, हजार मोजून काय उपयोग, कुठला उशीर खरा आणि कुठला नुसता सुताच्या गाठीचा, हे त्याला समजतं का? मी म्हटलं, तेही शिकवू. तुम्ही म्हणालात, शिकव. आपण पैज लावली. आठ दिवस बघायचं, नऊ बसतो का. आणि नऊ बसला नाही. मी हरले. पण नंतर एका कारीगरानं मला सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर सगळ्यांच्या आधी आले होते आणि नऊ नंबरचा पट्टा आवळत होते. मी तुम्हाला जाब विचारला. तुम्ही म्हणालात, "तो तं मी सगळासनाच आवळस." पुढं वर्षभर मी जमेल तेव्हा विषय काढला आणि तुम्ही प्रत्येक वेळी तंबाखू काढलीत. आता हे कधीच कळायचं नाही. यंत्र बरोबर होतं की तुमचा हात? की हातानं आधी चूक केली, रात्रभर विचार केला आणि सकाळी गुपचूप सुधारली? मला तिसरं आवडतं, पण मला आवडतं म्हणून ते खरं होत नाही.

साहेबांना मी सगळे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मॅडम, ते शेवटचं प्रकरण मलाही वाचायला द्या." एवढ्यावर आमचं मिटलं.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले ते सांगते. काल दुपारी माणसं गेल्यावर मामी माझ्याजवळ आली. म्हणाली, "मंगू, एक विचारू? त्या दिवशी मशीन तपासून झाल्यावर तू त्यांना काहीतरी लांबलचक सांगितलंस का गं?"

सांगितलं होतं. यंत्र ऑफिसात ठेवून आपण खात्याबाहेरच्या टपरीवर चहाला गेलो होतो. बाकड्यावर शेजारी शेजारी बसलो होतो, रस्त्याकडे तोंड करून. मला तुमच्याकडे बघायचा धीर होत नव्हता, म्हणून मी हातातल्या ग्लासाकडे बघत बोलले. खूप बोलले. बोलून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "हो हो. आन दोन खारी सांग." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, मामांनी ऐकलं, मोठ्या मनानं पोटात घातलं आणि विषय संपवला. त्यानंतरही तुम्ही माझ्यापुढं ऐकू येत असल्यासारखंच वागत राहिलात. मी समजले, तुम्हाला तेच बरं वाटतंय, तर तसंच चालू दे.

मामी म्हणाली, "घरी येऊन मला म्हणाले, पोरगी चहा पिताना रडत रडत काहीतरी सांगत होती. ओठ दिसले नाहीत. काय म्हणत असेल? मी म्हटलं, उद्या तिलाच विचारा. तर म्हणाले, विचारलं तर तिला समजेल ना, की मला ऐकू येत नाही. मग तिला किती वाईट वाटेल."

सगळं ठाऊक असूनही मी ग्लासाकडे बघत बोलले होते; तुम्हाला ओठ दिसायला हवेत हे त्या क्षणी मला सुचलंच नव्हतं. मामा, तुम्ही वर्षभर ते बोलणं न कळताच राहिलात. मला विचारलं नाहीत, का, तर मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी ज्या ओझ्यातून सुटले असं समजत होते, ते तसंच तुमच्या-माझ्यामध्ये पडून होतं.

तर ऐका. नाही, वाचा. मी त्या दिवशी म्हणाले होते की मामा, मी कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही की माझे मामा लूमच्या खात्यात जॉबर आहेत. मोठ्या मिलमध्ये टेक्निकलला आहेत, असं सांगायची. मला लाज वाटायची आणि आता त्या लाजेची लाज वाटते. हे जे यंत्रात घातलंय ते माझं नाही, तुमचं आहे, आणि मी ते सगळ्यांना तुमच्या नावानं सांगणार आहे. सांगितलंही. वर्गात पोरांनाही सांगते.

आणि मी म्हणाले होते की मामा, मला माहीत आहे. त्या दुपारी कॅसेट फिरत नव्हती तेव्हापासून माहीत आहे. मी कुणाला सांगणार नाही. शेठला नाही, आईलाही नाही. फक्त माझ्यापुढं तरी ऐकू आल्यासारखं करू नका. "काय म्हणालीस?" असं विचारत जा. दहादा विचारा. मी समोर बसून, तुमच्याकडे बघून, सावकाश सांगेन.